पातोड्यांची चव

माझ्या बायकोचा नेम मी मोडला आणि तिला कळूही दिलं नाही.

महानुभाव पंथाचा उपदेश घेतल्यापासून तिनं मांस सोडलं होतं. आखाडात मटण शिजे ते अंगणात, वेगळ्या चुलीवर, माझ्या हातानं. घरात ती त्याच काळ्या मसाल्यात बेसनाच्या पातोड्यांचा रस्सा करी. एकदा नंदुरबारहून माझा मित्र बैलांची दमणी जुंपून आला. "वैनी, बेसनले हाडं ऱ्हातस का?" त्यानं टोमणा मारला. तिची फजिती होऊ नये म्हणून मी तिच्या पातेल्यात पळीभर मटणाचा रस्सा ओतला.

"ह्या पातोड्या तर मटणले मांगे टाकतस!" जेवताना मित्र म्हणाला. ती हरखली, आणि मागाहून तोच रस्सा भाकरीशी जेवली.

पुढं कित्येक वर्षं ती त्या चवीच्या मागे होती. कधी खोबरं जास्त भाजी, कधी कांदा निखाऱ्यात काळा करी. परवा पळी माझ्यापुढं धरून म्हणाली, "त्या दिनसारखी चव काबरं येत नही हो?"

मी पळी खाली ठेवली.

"त्यामां मटणना रस्सा व्हता. मीच टाका व्हता. मन्ही चूक व्हयनी, माले माफ कर."