सरांच्या लायकीची जागा

मरकड सर गेले तेव्हा मी लॅबमध्ये होतो. नागापूर एमआयडीसीतल्या आमच्या औषध कंपनीत लॅबमध्ये मोबाईल न्यायचा नसतो, त्यात त्या दिवशी ऑडिट. चार वाजता चहाला बाहेर आलो, लॉकर उघडला, तर कॉलेजच्या केमिस्ट्रीच्या जुन्या मुलांच्या ग्रुपवर मेसेजचा नुसता ढीग. हात जोडलेले, फुलं, दिवे, 'भावपूर्ण श्रद्धांजली'... वर वर सरकवत मूळ बातमीपर्यंत पोचायलाच मला दोन-तीन मिनिटं लागली. सर सकाळचे तास संपवून दुसऱ्या कॉलेजवर निघाले होते. करंजी घाटाच्या अलीकडं त्यांना कसंतरी व्हायला लागलं. त्यांनी गाडी बाजूला घेतली, नीट स्टँडवर लावली, हेल्मेट आरशाला अडकवलं आणि लिंबाखाली बसले, ते उठलेच नाहीत. वय एकोणपन्नास. ग्रुपवर हात जोडणारा एकूण एक जण कुठल्या ना कुठल्या कंपनीत चिकटलेला होता आणि प्रत्येकाला सरांनीच चिकटवलं होतं. सर स्वतः मात्र शेवटच्या दिवसापर्यंत तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तर पगार, सुट्टी लागली की बसा घरी.

दीड महिना झाला. मला हे शांतपणे लिहायचं होतं, पण नाही जमत. राग येतो. कॉलेजचा येतो, संस्थेचा येतो आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा येतो. तो का, ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसलोय.

मी तिसगावजवळच्या एका वस्तीवरचा. बी.एस्सी.ला केमिस्ट्री घेतली ती गणिताला भिऊन. पुढं काय, हे विचारायची आमच्याकडं पद्धतच नव्हती, बी.एड., नाहीतर पोलीस भरती, नाहीतर पुण्यात जाऊन स्पर्धा परीक्षा. दुसऱ्या वर्षाला सरांनी वर्गात विचारलं, "या विषयाची नोकरी असते तरी कुठं, माहितीये का कुणाला?" मागून कुणीतरी म्हणालं, "शाळेत, सर." सर हसले नाहीत. त्यांनी फळा पुसला, डोकेदुखीच्या साध्या गोळीचं चित्र काढलं आणि ती गोळी दुकानात येईपर्यंत किती जणांच्या हातून जाते ते काढत सुटले. कच्चा माल तपासणारा, गोळी बनवणारा, पाण्यात जंतू आहेत का बघणारा मायक्रोबायोलॉजीवाला, त्या सगळ्यांचे कागद तपासणारा... फळा भरला. मग एकेकाला उठवून विचारलं, "यातली तुझी जागा कोणती?" मला तोवर आयुष्यात कुणी असं विचारलेलं नव्हतं.

रविवारी ते शिपाईमामांकडून चावी घेऊन लॅब उघडायचे. त्याचा पैसा नाही, पाटी नाही, काही नाही. औषधात काय किती आहे ते मोजणारं एचपीएलसी यंत्र कॉलेजकडं होतं, पण ते तपासणी समिती येणार म्हणून आणलेलं. समितीनं बघितलं, फोटो निघाले, आणि ते पुन्हा कुलपात. मुलांनी हात लावला तर बिघडेल म्हणे! मग सरांनी ते यंत्र आम्हाला खडूनं शिकवलं. इथं पंप, इथं कॉलम, इथं दाब वाढला तर कुठं बघशील? खोट्या मुलाखती घ्यायचे, घाम फोडायचे. "यंत्राला हात लावलेला नाही, हे सरळ सांगायचं. पण ते कसं चालतं हे विचारलं तर अडायचं नाही." अनुभवाची खोटी पत्रं विकणारे तेव्हाही होते, तसलं पत्र कुणी दाखवलं की सर समोरच फाडायचे. आणि बायोडाटात 'कोणतंही काम करीन' असं दिसलं की लाल पेनानं फुली. "असं लिहिणाऱ्याला कुणी कुठलंच काम देत नाही. आपल्याला काय येतं ते लिही, भीक मागू नको."

माझे वडील एकदा त्यांना भेटायला आले, मला बी.एड.ला घालायचं म्हणून. सर म्हणाले, "दादा, नका घालू. शिकवायच्या नादाला लागलेली पोरं माझ्यासारखी होतात." वडिलांना ते समजलं नाही. ते म्हणाले, "मंग तुमी काय वाईट हाय का, सर? तुमच्यासारखं झालं तर आमाला लई हाय." सर इतके मोठ्यानं हसले की शिपाईमामा दारात येऊन बघून गेले. वडील परत येताना एसटीत म्हणाले, देवमाणूस हाय. आमचं हे असं. माणसाला एकदा देव म्हटलं की त्याला भूक लागते का, हे विचारायची गरज उरत नाही.

मला नोकरी लागली. माझ्यानंतर दरवर्षी पाच-सात जणांना लागत गेली. कुणी बडोद्याला, कुणी हैदराबादला, कुणी इथंच नागापूरला. सरांची प्राध्यापकीला लागणारी सेट परीक्षा झालेली, अनुभव झालेला, पण कायम जागा निघाली की संस्थेच्या कुणाचा तरी भाचा आधीच ठरलेला असायचा. आम्ही काय केलं? सत्कार केले! दर शिक्षक दिनाला शाल, श्रीफळ आणि काचेचं ते सन्मानचिन्ह. माझ्या बॅचनं दोनदा केला. मी माईकवर म्हणालो होतो, सरांचे उपकार सात जन्मात फिटणार नाहीत. टाळ्या पडल्या. त्यांच्या घरी कपाटात शालींची चळत लागलेली मी स्वतः बघितलीय.

तीन वर्षांपूर्वी त्यांचे तास निम्म्यावर आले. त्याच पावसाळ्यात एका सकाळी गेटवरून फोन आला, "शिरसाठ साहेब, मरकड म्हणून कोण आलेत, फाईल घेऊन." मी पळतच गेलो. सर व्हिजिटरच्या बाकावर बसलेले, मांडीवर प्लास्टिकची फाईल, शर्ट इस्त्रीचा. मी सगळ्यांदेखत वाकलो आणि पायाला हात लावला. त्यांनी पाय मागं घेतले. "गणेश, इथं नको. इथं मी नोकरी मागायला आलोय."

मी त्यांना माझ्या केबिनमध्ये नेलं, माझ्याच खुर्चीवर बसवलं. मी क्यूसीचा, म्हणजे माल तपासणाऱ्या लॅबचा, मॅनेजर. माझ्याकडं तेव्हा ॲनालिस्टची एक जागा रिकामी होती आणि सरांना ती माहीत होती, कारण मीच त्यांना सांगितलं होतं, 'एखादा पोरगा पाठवा' म्हणून. फाईल उघडली. त्यांच्या हस्ताक्षरात अर्ज, आणि कोणत्या पदासाठी, या रकान्यात लिहिलेलं: कोणतंही. मला ते वाचवेना. मी फाईल मिटली.

"सर, तुम्ही माझ्या हाताखाली? मला पाप लागेल."

"पाप माझ्या नावावर घाल. जागा आहे ना?"

"आहे, पण ती पोराटोरांची, सर. तुमच्या लायकीचं काहीतरी बघतो. आणि आमच्याकडं वयाचंही असतं..."

त्यांनी फाईल उचलून पुन्हा मांडीवर घेतली. मग म्हणाले, "बघ बाबा." मी त्यांना कँटीनमध्ये जेवायला घातलं, गेटपर्यंत सोडायला गेलो आणि पुन्हा पाया पडलो. मला त्या दिवशी अगदी भरून आलं होतं. गुरूचा मान राखला असं वाटत होतं... लाज वाटते लिहायला. खरं सांगायचं तर मान हे अर्धंच कारण. मला भीती वाटली होती. त्यांच्यासमोर मी कुणावर ओरडणार कसा? आणि माझं थिअरीचं बूड किती कच्चं आहे, ते ओळखणारा एकुलता एक माणूस मी रोज डोळ्यांसमोर कशाला ठेवू? त्या जागेवर मी बावीस वर्षांचा एक पोरगा घेतला. तोही सरांनीच पाठवलेला. सरांचा फोन आला, "चांगला मुलगा घेतलास. लक्ष ठेव, घाईत चुकतो तो." त्यानंतर दोनदा त्यांनी विचारलं, काही हालचाल? मी दोन्ही वेळा म्हणालो, बघतोय सर, तुमच्या लायकीचं बघतोय. मग त्यांनी विचारायचं सोडलं आणि दुसरं कॉलेज धरलं, घाटापलीकडचं.

दहाव्याला आम्ही सगळे जमलो. हैदराबादवाला विमानानं आला होता. भाषणं झाली. कुणी म्हणालं लॅबमध्ये फोटो लावू, कुणी म्हणालं त्यांच्या नावानं बक्षीस ठेवू, कुणी शोकसभेचा हॉलसुद्धा बघून ठेवला होता. सरांच्या मिसेस, आमच्या वहिनी, एका बाजूला बसून ऐकत होत्या. त्या बी.एस्सी. आहेत, बॉटनीच्या, पण घराबाहेर कधी कामाला गेल्या नव्हत्या. मी निघताना त्या दारापर्यंत आल्या. मी वाकायला लागलो तर त्यांनी माझा दंड धरला.

"पाया नका पडू, गणेश भाऊ. हे आले होते तुमच्याकडं, तवाबी तुमी पायाच पडलात म्हणं." आवाज चढलेला नव्हता. "सत्कार-बित्कार काही नको आता. एखादी जागा असली तर सांगा. पॅकिंगला चालंल मला. माझ्या लायकीचं बघत बसू नका."

दुसऱ्या दिवशी मी एचआरला फोन केला. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. त्यानं विचारलं, तुमच्या कोण लागतात? मी सांगितलं, माझ्या सरांच्या मिसेस, मिस्टर एम.एस्सी., वीस वर्षांचा अनुभव, नुकतेच वारले. "अरेरे," तो म्हणाला. "मग त्यांनाच का नाही आणलंत तेव्हा? लॅबमध्ये पोरांना शिकवायला पोक्त माणूस द्या म्हणून मी किती दिवस तुमच्या मागं लागलो होतो!" लागला होता खरा. मीच त्याला सांगत होतो की असा माणूस मिळत नाही.

वहिनी आता पॅकिंगच्या लाइनला आहेत. परवा मी कँटीनमध्ये जेवायला गेलो तर कोपऱ्यातल्या टेबलावर पाच-सहा मुली त्यांच्याभोवती गोळा झालेल्या. त्यातली एक बारावी सायन्स करून आलेली. वहिनी तिला बाहेरून बी.एस्सी. करायला सांगत होत्या. मग त्यांनी समोरच्या वाटीतल्या पाण्यात बोट बुडवून टेबलावर गोल काढला, त्याला बाण काढले, कच्चा माल इकडून येतो, तपासणी इथं, पाणी बघणारे इथं... "यातलं तुझं कुठलं?" शब्दन् शब्द तोच. घरी रोज कानावर पडत असणार. मी ताट घेऊन ऐकत उभा राहिलो. मुलींचं माझ्याकडं लक्ष गेलं, आणि वहिनी पदर सावरून उठून उभ्या राहिल्या.

"बसा ना, वहिनी," मी म्हणालो.

"नाही, साहेब," त्या म्हणाल्या. "तुम्ही जा पुढं. मग बसते."