आकडा तोच, फ्यूज दुसरा

नवा फ्यूज हातात आला की ताई आधी त्याच्यावरचा आकडा अंगठ्याने झाकायच्या. "आता सांग," म्हणायच्या, "हा कुणाला वाचवायला बसवायचा?"

मी त्या वर्कशॉपमध्ये डिप्लोमाच्या ट्रेनिंगसाठी होतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. उत्तर माहीत असलं तरी तोंडातून लवकर निघत नसे. ताईंना त्याची घाई नसे.

त्या सेनगावकडच्या तांड्यावरून रोज जीपने हिंगोलीला यायच्या. डिप्लोमा झालेल्या, मशीनचं इलेक्ट्रिकल सगळं त्यांच्याकडे. जीपवाला त्यांना पुढच्या सीटवर बसवायला घाबरायचा, कारण पुढे बसल्या की त्या त्याला गाडीच्या उघड्या वायरी दाखवत. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांना धोका दिसला की गप्प बसवत नाही.

मशीन एकच होतं, पुण्याहून जुना आणलेला सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारा लेथ. त्यावर मळणीयंत्राचे शाफ्ट निघत. मालक मूळचे शेतातल्या पंपांच्या मोटारींचं वाइंडिंग भरणारे. फ्यूज उडायला लागला की जाड तार घालायची, ही त्यांचीच काय, आमच्या सगळ्या शिवाराची रीत.

सोयाबीनच्या दिवसांत एका सकाळी लेथ मध्येच थांबला. ड्राइव्हचा, म्हणजे मोटारीला वीज मोजून देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीचा, फ्यूज उडाला होता. ताईंनी मीटर लावून सगळं तपासलं; कुठे काही सापडलं नाही. तेवढ्यात लोडशेडिंगमुळे लाइट गेली. मालक बाजारातून फ्यूज घेऊन आले. आकार तोच, आकडा तोच.

"हा बसवा. लाइट आली की चालू करू."

"न्हाई बसवणार. हा सावकाश उडणारा हाय. बराबरचे नांदेडहून एसटीनं येऊन राहिलेत."

"आकडा तर तोच हाय की."

"मालक, पंपाची मोटार गरम होते, वास मारते, मग जळते. तवर हा उडंल. ड्राइव्हच्या आतल्या पार्टला पापणी लवायचाबी वेळ मिळत न्हाई. हा फ्यूज मरायच्या आत ड्राइव्ह मरंल."

"आन् गिऱ्हाईक मेलं माझं, तर?" मालकांचा आवाज चढला. शाफ्टसाठी आलेले दोघे बाहेर बाकावर बसून सगळं ऐकत होते. "मशीन माझं हाय. बसवायचा नसंल तर उद्यापासून येऊ नका."

ताईंनी स्टूल ओढलं आणि ड्राइव्ह असलेल्या पॅनेलच्या दारासमोर बसल्या. लाइट कधीही आली असती. ड्राइव्ह जळला असता तर नवा मिळेपर्यंत वर्कशॉपला कुलूप, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. पण मालकांकडे बघून कुणाची बोलायची हिंमत होईना. ताईंच्या कपाळावर घाम होता. तो त्यांनी पुसला नाही.

दुपारी पार्सल आलं. ताईंनी त्यातला एक फ्यूज बसवला. लाइट आली. ऑपरेटरने लेथ चालू केला, हत्यार धरणारं कॅरेज पुढे सरकलं आणि पॅनेलमधून आवाज आला. टक. पुन्हा सगळं बंद.

"झालं समाधान?" मालक म्हणाले.

ताईंनी ड्राइव्हला मीटर लावला. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "फ्यूज उडाला, ड्राइव्ह जिवंत हाय. तुमचा बसवला असता, तर नसता."

कॅरेज हाताने ढकलत त्यांनी मोटारीची केबल इंच-इंच चाचपली. एका जागी पत्र्याच्या कडेला घासून तांबं उघडं पडलं होतं. कॅरेज पुढे गेलं की ते पत्र्याला टेकायचं. "सकाळी कॅरेज हलवून बघायला पायजे होतं," त्या म्हणाल्या. "चुकलंच माझं."

केबल दुरुस्त झाली, उरलेल्यातला फ्यूज बसला, लेथ फिरू लागला. मालकांनी चहा मागवला. ताईंनी तो उभ्यानेच प्यायला आणि मीटर पिशवीत ठेवला.

"उद्या जरा लवकर या," मालक म्हणाले.

"उद्यापासून येऊ नका, म्हणलात ना."

"रागात बोललो, ताई."

"व्हय. पर चार माणसांसमोर बोललात."

त्या बाहेर पडल्या. मालकांनी दारातून हाक मारली, पण लेथच्या आवाजात ती त्यांना ऐकू गेली की नाही, मला सांगता येणार नाही. त्यांनी वळून बघितलं नाही एवढं खरं.

शाफ्ट पुरा झाला. ऑपरेटरने विचारलं, "मालक, पुढचा लावू का?"

बाकावरचे दोघे उठून उभे राहिले होते. मालक ताई गेल्या त्या रस्त्याकडे बघतच म्हणाले, "थांब जरासं."