सुतकातले मासे

गोवा राज्य झाले त्या सुमारास बाबांनी डिचोलीतल्या आमच्या घरी समुद्रातले मासे पाळले. पेडण्याच्या किनाऱ्यावरून ते बसने कॅन भरून पाणी आणत. खाणीच्या तांबड्या धुळीच्या गावात काचेमागचे ते स्वच्छ पाणी बघायला कारखान्यात कामाला आलेले कोल्हापूरकडचे शेजारी पोरांना घेऊन येत. मी दारात उभी राहून त्यांना आत घेत असे, जणू समुद्र माझाच होता.

बाबा सांगत, खाऱ्या पाण्यात हवा गोड्यापेक्षा कमी विरघळते, उन्हाळ्यात तर आणखीच कमी. पंप चालू हवा, वरची बाजू उघडी हवी; पाणी हलले की हवा आत जाते. वीज गेली की ते मगने टाकीतलेच पाणी काढून वीतभर उंचीवरून परत ओतत बसत.

बाबा मे महिन्यात गेले. सुतकात मासळी नजरेला पडू नये म्हणून बाबांच्या बहिणीने, माझ्या आतेने, टाकीवर जाड चादर घातली, कडा नीट खोचून. पंप आत चालूच होता. एका दुपारी मात्र दिवाणखान्यातली माणसे गप्प झाली आणि मला जाणवले, पंपाची गुरगुर ऐकू येत नाही. वीज कधीची गेली होती कोण जाणे. चादर ओढली. सगळे मासे वर येऊन तोंडांची उघडझाप करत होते.

मी बाबांचा मग घेऊन टाकीतले पाणी उंचावरून ओतू लागले. आते देवघरातला तांब्या घेऊन आली.

"तांबे नको, आते. त्याने हे मरतात."

तिने तांब्या ठेवला आणि न्हाणीतला प्लास्टिकचा मग धुऊन आणला.

"तुझो बापूय आमकां कधी कपभर च्या दिवंक उठलो ना," ओतता ओतता ती म्हणाली, "आनी हांचे खातीर इतले?"

"दर खेपेला वीज गेली की, आते."

"बरें. तू मातशी बस, बाय. हांव ओततां," म्हणत तिने मला खाली बसवले.

संध्याकाळी वीज आली. पंप गुरगुरला, मासे एकेक करून खाली गेले. एकही मेला नाही. चादर आतेने घडी करून कपाटात टाकली.

बाराव्याला आलेल्या एका पाहुण्याने उघड्या टाकीकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या. मी काही म्हणायच्या आधी आते म्हणाली, "आमच्या भावाची मासळी ती. लागीं येवन पळयात."

आणि तो खरोखरच जवळ जाऊन बघू लागला.