सगळेच जरा बाहेर बसा

आमच्या चौसाळ्याकडे मोठ्या आजारासाठी माणूस एकटा जात नाही, जीप भरून जातो. मला प्रोस्टेटचा कॅन्सर झाल्याचं कळलं, तेव्हा पुण्याच्या डॉक्टरांच्या खोलीत आमची अख्खी जीप शिरली. सर्वांत पुढे माझा चुलतभाऊ, कडक इस्त्रीतला, पंचायत समितीचा माजी सदस्य. डॉक्टरांच्याच खोलीत त्याने आधी डॉक्टरांचं स्वागत केलं.

गाठ ग्रंथीच्या आतच होती. ऑपरेशन ठरलं. मला एकच विचारायचं होतं: त्यानंतर मी बायकोचा नवरा म्हणून उरेन का? पण एवढ्या भावकीसमोर ते विचारणार कसं?

"बिनधास्त काढा साहेब," चुलतभाऊ म्हणाला. "जीव वाचला म्हंजे झालं. ह्या वयात बाकीचं काय करायचंय?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावणारच होतो.

"भावजी," मागून माझी बायको म्हणाली, "तुमी जरा भाईर बसा. समदेच बसा."

"कावून, वहिनी? घरचीच माणसं हाईत."

"म्हणूनच."

वरात बाहेर गेली. तिने डॉक्टरांकडे सरळ पाहिलं. "आमी नवरा-बायको हाव अजून. ऑपरेशननंतर तसं राहता येईल का, ते सांगा."

डॉक्टरांनी कागदावर ग्रंथी काढली, तिच्या दोन्ही बाजूंच्या बारीक नसा दाखवल्या. गाठीपासून लांबच्या बाजूच्या नसा वाचवायचा प्रयत्न करू, म्हणाले. पण हमी नाही. वीर्य येणार नाही. ताठरता परतायला वर्ष-दोन वर्षं लागतील, गोळ्याही लागतील.

"आधी कॅन्सर जाऊ द्या," ती म्हणाली. "मग जे ठेवता येतंय ते ठेवा." आणि माझ्याकडे वळली. "तुमाला काय विचारायचंय?"

माझं सगळं विचारून झालं होतं.

तपासण्या आता चांगल्या येतात. बाकीचं सावकाश परतलं, गोळीचा हात धरून. पूर्वीसारखं नाही, पण आम्हा दोघांना पुरेल एवढं. चुलतभाऊ हायवेच्या हॉटेलात सांगतो, की ऑपरेशन त्याच्या मार्गदर्शनाखाली झालं. मी खोडून काढत नाही.

परवा भरदुपारी तो दोन पाहुणे घेऊन माझी तब्येत बघायला आला. दाराला आतून कडी होती.

"वहिनी, आजारी माणसाला भेटायला आलोत."

तिने घाई न करता आतूनच उत्तर दिलं, "सांजच्याला या, भावजी. आता हितं कुणी आजारी न्हाई."

माझ्या एकसष्टीला त्याने स्टेज उभारलं होतं, शाल-नारळही दिला होता. पण माझा खरा सत्कार हा.