रस्त्याकडं तोंड केलेलं सैपाकघर

माझ्या दमयंतीवहिनीचं नाव निघालं की आमच्या घरात कोणीतरी म्हणतंच, "तिनंच तर सांगितलं होतं." हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलं आहे की आता कोणी म्हटलं तर मी त्याला चहा विचारत नाही, सरळ उठून आत जाते. म्हणून एकदाचं सगळं सांगून टाकते. मग ज्याला जे म्हणायचं ते म्हणू दे.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, व्यंकटेशदादाची बायको. आमी मराठी, पण किती पिढ्यांपासून आदिलाबादेत आहोत ते आमच्या वडिलांनाही सांगता यायचं नाही. दादा कलेक्टर कचेरीत कारकून होता. उर्दू अक्षर सुरेख, आणि निजामी असेपर्यंत त्या अक्षरावर त्याचं बरं चाललं. मग पोलीस ॲक्शन झाली, निजामी गेली, कचेरीत इंग्रजी आलं. दादाला इंग्रजी मसुदे शिकायला हैदराबादला धाडलं. त्याला साधी खिचडी शिजवता येत नव्हती, म्हणून वहिनीला सोबत नेलं. नेलं ते भाकरीसाठी, हे ध्यानात ठेवा. शहर दाखवायला कोणी नेलं नव्हतं.

तोपर्यंत वहिनीचा जन्म आमच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत गेला होता. खाली चूल, समोर काळी भिंत, जळणाला पऱ्हाट्या. कपाशीच्या त्या वाळक्या काड्या पेटतात भराभर आणि धूर असा करतात की विचारू नका. वहिनी पाटावर वाकून बसायची आणि दिवसभर त्या भिंतीकडं बघायची. आमी सगळ्याच बायका तशाच बसायचो, म्हणून आमाला त्यात काही वाटत नव्हतं. तिलाही वाटत नसावं.

हैदराबादेत त्यांना नव्या सिमेंटच्या इमारतीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. इमारतीचा कोपरा टोकदार नव्हता, गोल होता. सज्जाही तसाच गोल वळून गेलेला. खाली गार गुळगुळीत फरशी, तिच्यात रंगीत खड्यांचे तुकडे. जिन्याला सिमेंटची जाळी, तिच्यातून ऊन पायऱ्यांवर पडायचं. हे सगळं वहिनीनं मला पुढं इतक्यांदा सांगितलं की मी त्या घरात राहून आल्यासारखं मला वाटतं. पण तिचा जीव जडला तो सैपाकघरावर. तिथं कमरेएवढा ओटा होता. त्याच्यावर शेगडी, आणि शेगडीच्या वर खिडकी. खिडकी थेट रस्त्यावर.

"चारू," ती मला म्हणाली होती, "पहिल्या दिवशी मला भाकरी थापताच येईना. उभ्यानं हात कसे चालवायचे तेच कळेना. मग बाहेरून दुमजली बस गेली, वरच्या मजल्यावरच्या बाईनं माझ्याकडं पायलं, आणि मी भाकरी थापून राह्यले ते माझं मलाच कळलं नाही."

त्या खिडकीतून तिनं शहर पाहिलं. समोरच्या इमारतीत पोरी टायपिंग शिकायला यायच्या, सायकली टेकवून ठेवायच्या, हसत जिना चढायच्या. एक म्हातारे पारशी गृहस्थ रोज टोपी काढून कुत्र्याला दूध घालायचे. संध्याकाळी दिवे एकदम लागायचे. वहिनी कोणाशी बोलली नाही, तिला तिथली बोली धड येतही नव्हती. पण त्या रस्त्यावर आपली कोणाशीतरी ओळख आहे असं तिला वाटायचं. दादाचं शिक्षण संपलं तेव्हा तो खुशीत होता आणि ही ट्रंकेवर बसून रडत होती. त्याला वाटलं, माहेरची आठवण येऊन राह्यली. माहेर नार्नूरचं, तिथं काय होतं आठवायला.

परत आल्यावर ती बोलायला लागली. आधी कधी बोलत नव्हती, आता थांबेना. भीमपूरच्या रस्त्याला आमचा एक मोकळा प्लॉट होता. तिथं घर बांधायचं आणि त्यात सैपाकघर असं असं पाहिजे. आमची आई कौशल्याबाई ऐकून घ्यायची आणि मग म्हणायची, "रस्त्याकडं तोंड करून सैपाक? बाजारात बसून रांध ना मंग." सैपाकघर मागं असतं, हे आमच्याकडं सूर्य पूर्वेला उगवतो इतकं ठरलेलं. आणि उभ्यानं रांधलेलं देवाला चालत नाही, हे आईनंच ठरवलेलं.

वहिनीनं वाद घातला नाही. ती एके सकाळी रांगोळीचा डबा घेऊन प्लॉटवर गेली. सगळ्या बाया दारापुढं कमळ काढतात, हिनं घर काढलं. छोट्या मापाचं नाही, जेवढं हवं तेवढंच. इथून इथवर भिंत, इथं दार, इथं ओटा, इथं खिडकी. मी तिच्या मागं गेले आणि सरळ रेघ ओलांडून तिच्याजवळ उभी राह्यले.

"भिंतीतून काऊन येतेस?" ती म्हणाली. "दार हाय ना."

मी परत फिरले आणि दारातून आत गेले. आता हसू येतं, पण तेव्हा मी हसले नव्हते. रांगोळी वाऱ्यानं उडायची, बकऱ्या तुडवून जायच्या. ती पुन्हा काढायची. सणासुदीला, अमावास्येला, जमेल तेव्हा. वर्षं गेली तशी. गावातले लोक तिला शहाणी म्हणायचे आणि तोंड वाकडं करायचे.

छप्पन साल लागलं तेव्हा गावात दुसरं काही बोलणंच उरलं नव्हतं. भाषेप्रमाणं राज्यं होणार. आमचा जिल्हा कुठं जाणार? पानाच्या ठेल्यावर, जिनिंगमध्ये, देवळाच्या पायरीवर मराठी माणूस भेटला की म्हणायचा, आपण मराठी राज्यात चाललो, लिहून घ्या. भैंशाचे व्यापारी तर ते झाल्यासारखंच बोलायचे. कोणाला शंका नव्हती. हे मी पुन्हा सांगते, कोणाला नव्हती. आज जे शहाणे वहिनीला बोल लावतात, त्यांचे बाप तेव्हा पेढे वाटायच्या तयारीत होते.

शिमग्याच्या सुमाराला कचेरीत साहेबानं एकेका माणसाला आत बोलावून विचारायला सुरुवात केली. नवी राज्यं झाल्यावर नोकरी कुठं करणार, मराठी राज्यात की तेलगू राज्यात? दादा घरी आला तो तोंड पाडून. दुसऱ्या दिवशी त्याचा नंबर होता. जेवताना त्यानं वहिनीला विचारलं, "काय सांगू?"

लग्न झाल्यापासून त्यानं तिला काही विचारलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. भाजीत मीठ कमी पडलं हे सांगायचा, विचारायचा कधी नाही. वहिनीच्या हातात पळी तशीच राह्यली. मग ती म्हणाली, "मराठी राज्यच सांगा. गाव तिकडंच चाललं म्हणतात सगळे. तेलगू म्हटलं तर उचलून कुठं वरंगळकडं टाकतील. मराठी म्हटलं तर आपण इथंच राहू, आपल्या प्लॉटवर."

यात काय चुकलं? मला सांगा कोणीतरी. आदिलाबादेत राहायचं म्हणून तिनं मराठी राज्य सांगितलं. आईनं मान हलवली, मी मान हलवली. दादानं दुसऱ्या दिवशी तेच सांगितलं, आणि संध्याकाळी जिलबी घेऊन आला. त्याच खुशीत त्यानं घराचं काम काढलं.

डोमाजी मिस्त्री भीमपूरचा. त्यानं जन्मभर मातीची आणि दगडाची घरं बांधलेली. दादाला पुढं गोल सज्जा पाहिजे होता, अगदी हैदराबादसारखा. डोमाजीनं डोकं खाजवलं. "साहेब, गोल मले विहीर बांधता येते, घर नाई." मग सज्जा पुढच्या वर्षावर गेला आणि सैपाकघर आधी सुरू झालं. रस्त्याच्या बाजूला. आईनं दोन दिवस अन्न सोडलं आणि तिसऱ्या दिवशी भूक लागली म्हणून जेवली.

ओटा किती उंच घ्यायचा हे विचारायला डोमाजी आला तेव्हा वहिनी पदर खोचून उभी राह्यली आणि कोपर दुमडून हात पुढं केला. "इथवर," म्हणाली. डोमाजीनं तिच्या कोपराशी ओळंबा धरला. परपुरुषापुढं असं उभं राहिलेलं आईला दिसलं असतं तर तिनं पुन्हा अन्न सोडलं असतं. मी दारात उभी राहून राखण केली. त्या दिवशी वहिनी जितकी सुंदर दिसली तितकी तिच्या लग्नातही दिसली नव्हती, आणि मी तिच्या लग्नात होते.

पोळ्याच्या आसपास पक्की बातमी आली. आमच्या जिल्ह्यातून राजुरा आणि किनवट तेवढे मराठीकडं चालले. आदिलाबाद जागच्या जागी. आदिलाबाद आंध्र प्रदेशात.

दादाच्या तोंडचं पाणी पळालं. तो साहेबाकडं गेला, म्हणाला, माझं उत्तर बदला, मला इथंच राहायचं आहे. साहेब म्हणाला, तुमी तोंडानं मराठी राज्य मागितलं, आता मिळालं तर नको? दादानं अर्ज केले, ओळखी काढल्या, हैदराबादला जाऊन आला. हुकूम हुकूमच राह्यला. त्या दिवसांत घरातलं एकही भांडं आपटल्याशिवाय खाली ठेवलं गेलं नाही, आणि प्रत्येक आपटण्यामागं तेच वाक्य होतं. तूच म्हणाली होतीस. वहिनीनं एकदाही उलट म्हटलं नाही की तुमीच विचारलं होतं.

सैपाकघर मात्र पुरं झालं होतं. बाकीचं घर जोत्यावर अडलेलं, आणि रस्त्याच्या कडेला ही एकच खोली, पत्रा घातलेली, शहाबादी फरशीचा ओटा आणि त्याच्यावर रुंद खिडकी. त्या वर्षी दिवाळी आणि नवं राज्य एकाच आठवड्यात आलं. वहिनी म्हणाली, फराळ मी तिथं करते. आईनं या खेपेला अडवलं नाही, तिलाही कुठंतरी लागलं असावं. मी वहिनीसोबत गेले. ती उभी राहून चकल्या पाडत होती आणि मी तळत होते. रस्त्यानं काय जायचं, तर कापसाच्या गाड्या. एखादी ट्रक. बाजारातून येणाऱ्या बाया थांबून बघायच्या, एकीनं तेलगूत हाक घालून विचारलं, "एम अम्मा, हॉटेल टाकलं का?" वहिनी हसली आणि तिच्या हातावर चकली ठेवली. दुपारभर ती रस्त्याकडं बघत राह्यली. चकल्या संपल्या तरी तिनं ओटा सोडला नाही, ओल्या फडक्यानं पुसत राह्यली. मला रडायला येत होतं आणि मी धुराचं निमित्त केलं. तिथं धूर नव्हताच, खिडकीतून सगळा बाहेर जात होता.

एवढंच. एक दिवस. दिवाळी झाली आणि दादाचा तबादला किनवटला झाला.

प्लॉट त्या खोलीसकट भैंशाच्या एका कापूसवाल्यानं घेतला. माझं लग्न गावातच सुधाकरराव मास्तरांशी झालं, त्यामुळं तो रस्ता माझ्या रोजच्या पायाखालचा. कापूसवाल्यानं खोलीचं गोदाम केलं. चोरट्याचं भय म्हणून खिडकी विटांनी बुजवली. वरून गिलावाही केला नाही, त्यामुळं जुन्या भिंतीत नव्या विटांचा चौकोन कोणालाही दिसायचा. मी वहिनीला कळवलं नाही. ती आली की दुसऱ्या रस्त्यानं न्यायचे.

किनवटला तिला मिळाली ती भाड्याची मागची खोली. खाली चूल, पुढं भिंत. मग नांदेड, मग आणखी कुठं कुठं, सगळीकडं तेच. मी गेले की बघायचे, दारापुढं दोन सरळ रेघा ओढलेल्या असायच्या. पूर्वीसारखं घर नाही, फूलही नाही. सण असला तर तिसरी रेघ. मी एकदा विचारलं, "वहिनी, काढत काऊन नाहीस?" ती म्हणाली, "मी काढलेलं कोणाला लाभत नाही गं." मला तिचा इतका राग आला की मी त्या दिवशी तिच्याशी नीट बोलले नाही. राग तिचा नव्हता. पण ज्यांचा होता ते सगळे मानानं जेवून झोपले होते.

दादा निवृत्त झाला आणि नांदेडला त्यानं घर बांधलं. मला पत्र न धाडता स्वतः न्यायला आला, म्हणाला, तुला दाखवायचं आहे. घराचा कोपरा गोल होता. सज्जा गोल. आणि सैपाकघर रस्त्याकडं, कमरेएवढा ओटा, ग्रॅनाइटचा काळा, वर मोठी काचेची खिडकी. दादा दारात उभा राहून माझ्या तोंडाकडं बघत होता. म्हातारा झाला होता. आयुष्यभर जे वाक्य तो बोलला त्याची भरपाई त्यानं सिमेंटमध्ये केली होती, आणि ती खरी होती, मी नाही म्हणत नाही.

पण ओट्याची उंची त्यानं मिस्त्रीला विचारून घेतली होती. वहिनीला विचारून घेतली असती तरी काय होणार होतं. वहिनीची कंबर गेली होती. इतकी वर्षं चुलीपुढं वाकून तिचा कणा तसाच राह्यला होता, सरळ उभी राहिली की कळ मस्तकात जायची. डॉक्टर म्हणाले, उभ्यानं काम बंद.

मी आत गेले तर ती खाली बसली होती. ओट्याला पाठ टेकून, पाटावर, पुढं शेगडी. खिडकी तिच्या डोक्याच्या खूप वर होती, तिच्यातून ऊन समोरच्या भिंतीवर पडलेलं. ती त्या भिंतीकडं तोंड करून भाकरी भाजत होती.

मी ओट्याशी जाऊन उभी राह्यले आणि पिठात हात घातला, कारण हाताला काहीतरी पाहिजे होतं. बाहेरून मोठा आवाज आला, खिडकीच्या काचा हलल्या.

"चारू," वहिनी खालून म्हणाली, "बस हाय ना? दुमजली हाय का गं?"

मी बघितलं.

"नाही वहिनी," मी म्हटलं. "साधीच हाय."

"हं," ती म्हणाली, आणि तिनं भाकरी उलटली.