मयतीची चिठ्ठी

हिवरमालचा भैयाजी दुर्गे काय करतो, असं कुणी परक्यानं विचारलं की गावकरी एकमेकांकडे बघून हसायचे. दोन एकर धानाची बांदी होती, पण ती त्याची बायको कमळाबाई कसायची. भैयाजी कसायचा मयती. वैनगंगेच्या अल्याड जिल्हा परिषदेच्या एका गटात पंचवीसेक गावं; त्यांत कुठंही कुणी मेलं की बातमी आधी भैयाजीच्या कानावर यायची आणि तिथून सरळ मधुभाऊ कोमावारांकडे जायची.

मधुभाऊ या गटातून तीनदा निवडून आलेले. कामाच्या नावानं बोंब होती. शाळेचं छप्पर गळतं ते गळतंच, नळाला पाणी येतं ते आठवड्यातून एकदा. पण लोक म्हणायचे, काही म्हणा, मधुभाऊ मयतीले येते. आता आपल्याकडची रीत ठाऊकच आहे. सरणाला अग्नी दिला की माणसं लगेच घरी पळत नाहीत. तिथंच झाडाखाली बसतात, शोकसभा होते, मोठा माणूस उठून गेलेल्याबद्दल दोन शब्द बोलतो. ते दोन शब्द घरचे लोक वर्षानुवर्षं उराशी धरून ठेवतात. मधुभाऊ बोलायचे आणि बोलता बोलता रडायचे, खरंखुरं पाणी काढायचे. "आमच्या बुढीवर मधुभाऊ बोलले" हे लोक सोयरिकीच्या बैठकीतसुद्धा सांगायचे.

ते सगळं बोलणं भैयाजीच्या चिठ्ठीतलं असायचं. बातमी आली की हा फटफटी काढून त्या घरी जायचा, ओसरीवर बसायचा, आवाज खाली आणून विचारायचा. नाव काय, लेकरं किती, हातचं काय चांगलं व्हायचं, शेवटी काही बोलली का? रडता रडता लोक सांगायचे. त्यांना वाटायचं, माणूस किती मायाळू! हा बाहेर येऊन वहीच्या अर्ध्या पानावर ते उतरवायचा. घर बौद्धांचं असलं की वरच्या कोपऱ्यात गोल काढायचा. त्याचा अर्थ, भाऊ, इथं आत्मा, स्वर्ग, देव म्हणायचं नाही. मुसलमानांकडची मयत असली तर सायकल दुरुस्तीवाल्या कय्यूमभाईंना विचारून नेमका शब्द घालायचा. स्मशानात भाऊ पाठीमागं हात करायचे, दोन बोटं उघडायचे, आणि हा त्यांत चिठ्ठी सरकवायचा. बावीस वर्षांत त्याची एक चिठ्ठी चुकली नव्हती, आणि याचा त्याला केवढा तोरा!

कमळाबाईला मात्र या सगळ्याचा वीट आला होता. लोकांच्या मेलेल्या बायकांचं यांना सगळं ठाऊक, घरची जिवंत आहे का मेली याचा पत्ता नाही, असं ती तोंडावर सुनवायची. एकदा निंदण करून आली, पाय धुता धुता म्हणाली, "मी मेली का तुमचे भाऊ काय बोलतीन माह्यावर?"

भैयाजी छाती फुगवून म्हणाला, "तुह्यावर अर्धा घंटा बोलतीन. बावीस वर्सं तुह्या हातचं जेवून राह्यले ते."

"पाहू," ती म्हणाली.

हे 'पाहू' त्याच्या मनात काट्यासारखं राहिलं. बायको मरावी असं काही त्याच्या मनात नव्हतं. पण भाऊ आपल्याला ओळखतात, आपल्या घराला ओळखतात, हे तिला एकदा दिसावं, एवढीच त्याच्या जन्माची हौस होती.

यंदा मधुभाऊंसमोर उभा होता सुकलू मडावी. अपक्ष, निशाणी कपबशी. सभेत माईक हातात दिला तर हा नुसते हात जोडून खाली उतरायचा. याचं एकच काम होतं. मयत कुठलीही असो, हा सगळ्यांच्या आधी स्मशानात जाऊन लाकडं रचायचा आणि सगळ्यांच्या शेवटी घरी जायचा. भाषणाच्या वेळी तो मागं कुठंतरी अंगावरचा भुसा झटकत उभा असायचा, म्हणून कुणाच्या डोळ्यांत भरला नव्हता. भैयाजी त्याला 'लाकड्या' म्हणायचा. डिपॉझिट जाते म्हणून चहाच्या टपरीवर पैज लावायचा.

मतदानाला बारा दिवस राहिले होते तेव्हा नदीकाठच्या एका गावात ठमाबाई वारली. मासे धरणाऱ्या ढिवराघरची बाई, दोन मुलगे, बाजारात झिंगे विकायची. भैयाजी तिच्या ओसरीवर बसून हळू आवाजात विचारपूस करत होता तेव्हा खिशातला फोन तीनदा वाजला. घरून एकुलती एक मुलगी रोशनी करत होती. आई तापानं फणफणली आहे, बडबड करते आहे, हे तिला सांगायचं होतं. यानं तीनही वेळा फोन कापला. मयतीच्या घरी फोनवर बोलणं बरं दिसत नाही ना! रोशनीनं शेजारचा ऑटो करून आईला एकटीनंच गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं. ताप मेंदूत चढला होता. भैयाजी ठमाबाईची शोकसभा आटोपून, भाऊंची पाठीवर थाप घेऊन, संध्याकाळी पोचला तेव्हा कमळाबाई माणसं ओळखत नव्हती. चौथ्या दिवशी ती गेली.

भैयाजी रडला, नाही असं नाही. पण रडता रडता त्यानं पहिला फोन भाऊंना केला. भाऊ म्हणाले, प्रचाराची गडबड आहे पण येतोच. आणि याला त्या दुःखातही कुठंतरी बरं वाटलं. सवयीनं त्यानं वही काढली, पान फाडलं, आणि मग स्वतःशीच मान हलवली. हिची कशाला चिठ्ठी? हिच्या हातचं भाऊ बावीस वर्षं जेवलेत. त्यानं ते पान परत वहीत ठेवलं. इथंच सगळं बुडालं.

पांढऱ्या कपड्यांतली माणसं जमली, त्रिशरण-पंचशील झालं, भैयाजीनं अग्नी दिला. लाकडं सुकलूनं पहाटेच येऊन रचली होती. भाऊंची गाडी आली. त्या दिवसातली त्यांची ही तिसरी मयत, शिवाय दोन सभा झालेल्या. ते पुढं आले, डोळे मिटले, आणि नेहमीप्रमाणे हात पाठीमागं करून दोन बोटं उघडली. भैयाजी राख लागलेले हात घेऊन मागंच उभा होता. त्याच्याकडं द्यायला काही नव्हतं. बोटं दोनदा हलली. मग भाऊंनी खिशात हात घातला, एक कागद निघाला. भैयाजीनं आधीच देऊन ठेवला असणार, असं त्यांना वाटलं.

भाऊ बोलायला लागले. ही माऊली गेली, दोन लेकरं पोरकी झाली. वैनगंगेच्या पाण्यात उभं राहून हिनं संसार ओढला. हिच्या हातच्या झिंग्यांच्या भाजीची चव माझ्या जिभेवर अजून आहे. भाऊंचा गळा दाटला, डोळ्यांतून धार लागली. मार्कंडेश्वर या आत्म्याला आपल्या चरणी जागा देवो, असं म्हणून त्यांनी हात जोडले.

भैयाजी एकेक वाक्य ऐकत होता. सगळी त्याचीच होती, त्याच्याच अक्षरातली, ठमाबाईची. पुढचं वाक्य काय येणार हे त्याला ठाऊक होतं, आणि ते येतच होतं. बायांमध्ये कुजबुज सुरू झाली. एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, अगे, हे कोनाचं बोलून राह्यले? भैयाजीनं वळून तिला गप्प राहण्याची खूण केली. स्वतःच्या बायकोच्या चितेपुढं उभं राहून त्यानं भाऊंची लाज राखली, आणि हे रोशनीनं पाहिलं.

ठमाबाईचा मुलगा आयुष यानं आईवरचं भाषण मोबाइलमध्ये जपून ठेवलं होतं, रोज ऐकायचा. हिवरमालचं भाषण गावच्या पोरांनी ग्रुपवर टाकलं ते त्याच्यापर्यंत पोचलं. त्यानं दोन्ही भाषणं जोडून पाठवली, खाली एक अक्षरही लिहिलं नाही. तेच शब्द, तिथंच गळा दाटतो, तिथंच रुमाल निघतो. दोन दिवसांत पंचवीस गावं हसत होती. हसून झाल्यावर लोक आठवायला लागले. आमच्या बापाच्या वेळी काय म्हणाले होते? आणि त्याच्या थोडं आधी ओसरीवर कोण येऊन बसलं होतं? मग लोकांना राग आला. असा राग नळाला पाणी नाही म्हणून कधी आला नव्हता. प्रत्येक घराला वाटत होतं की मधुभाऊ फक्त आपल्यासाठी रडले. आणि मागं भुसा झटकत उभा राहणारा माणूस आता सगळ्यांना आठवला. सभा न घेता, माईक न धरता सुकलू मडावी घराघरांत बोलण्याचा विषय झाला.

भाऊंनी भैयाजीला बोलावून घेतलं. सांत्वन बाजूलाच राहिलं. मोबाइलसमोर उभं करून काय बोलायचं ते सांगितलं. आणि भैयाजी बोलला! माझी बायको झिंगे विकायची, भाऊंचा शब्द न् शब्द खरा आहे, विरोधक मयतीचं राजकारण करत आहेत. दोन मुलगे कुठं आहेत, असं पलीकडून कुणीतरी विचारलं, तर म्हणाला बाहेरगावी आहेत. मेलेल्या बायकोला यानं दुसऱ्याच बाईचा संसार नेसवला. तो व्हिडिओ पाहून लोक पोट धरून हसले. हिवरमालला कमळाबाईच्या पुण्यानुमोदनाला पंगत मांडली, तर अर्धी पानं उलटी पडून राहिली. आलेल्यांतल्या एकानं वाढणाऱ्याला विचारलं, झिंगे नाई केले का आज?

मधुभाऊ सातशे अकरा मतांनी पडले. हिवरमालमध्ये त्यांना एकोणीस मतं मिळाली.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी भैयाजी भाऊंच्या अंगणात गेला. कुणी बस म्हटलं नाही. भाऊंनी त्याच्याकडं न बघता विचारलं, "चिठ्ठी काऊन नाई देल्ली?"

"वाटलं, तुमी तिले वळखता, भाऊ."

"मी कोनालेच नाई वळखत, भैया. मनून तर तुले ठेवलो होतो."

भैयाजीनं खाली मान घालून माफी मागितली. बायको भलत्या दिवशी मेली याची माफी त्यानं हात जोडून मागितली, आणि तरी भाऊंनी फाटक लावून घ्यायला सांगितलं.

घरी आला तर रोशनी कपडे पिशवीत भरत होती. गडचांदूरला मावशीकडे चालली होती, परत येणार नाही म्हणाली. भैयाजी खाटेवर बसला आणि त्यानं सगळा दोष भाऊंवर टाकला. बावीस वर्षं जेवला आणि माणसाला दोन शब्द बोलता आले नाहीत! रोशनीनं वही आणि पेन आणून त्याच्या मांडीवर ठेवलं.

"मंग तुमी लेहा. आईची चिठ्ठी."

त्यानं झरझर लिहिलं. कष्टाळू. मनमिळाऊ. रोशनी म्हणाली, हे सप्पाईचंच असते, आईचं लिहा. त्यानं थोडा विचार केला आणि लिहिलं, वांग्याची भाजी. रोशनीनं सांगितलं, वांगं तुमच्या भाऊंना आवडायचं, आई ते तोंडातसुद्धा घालत नव्हती. पेन थांबलं. भैयाजीनं ती ओळ खोडली. मग त्यानं मान वर केली, आणि लोकांच्या ओसऱ्यांवर बसून काढायचा तोच खालचा, मायाळू आवाज आपोआप निघाला.

"शेवटी काई बोलली का ती?"

रोशनीनं पिशवीची गाठ मारली.

"बोलली," ती म्हणाली. "पन तुमाले नाई सांगत, बाबा. तुमी लेहून घेसान."