सुईच्या टोकाएवढं भोक

सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती आणि दाजी छताला रंग मारत होते. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाची नवी इमारत, तिसरा मजला, कोपऱ्यातली खोली. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर पाय, उजव्या हातात रंग फवारायची गन, डाव्या हातात नळी, तोंडावर मास्क. खाली दाराशी मशीन धडधडत होतं आणि मशीनशेजारी पालथ्या बादलीवर त्यांचा मेव्हणा बसला होता. रंग गाळणं, मशीनकडे बघणं, नळी सोडवत फिरणं ही त्याची कामं. त्याला सगळे बारक्या म्हणतात. वजन पंच्याण्णव किलो.

दाजी हे नाव त्यानेच कामावर आणलं. बहिणीचा नवरा म्हणून तो दाजी म्हणायचा, त्याचं ऐकून वायरमन म्हणायला लागला, मग प्लंबर, मग खुद्द ठेकेदार. पन्नाशी उलटलेल्या या माणसाचं खरं नाव आता फक्त मतदार यादीत आणि सासूच्या तोंडी सापडतं.

दाजी भित्रे म्हणून प्रसिद्ध आहेत. रिकामा रस्ता ओलांडतानाही दोन्हीकडे बघतात, लिफ्टमध्ये एकटे चढत नाहीत. शिडी हलवून बघितल्याशिवाय पहिल्या पायरीवर पाय ठेवत नाहीत. रोज सकाळी मशीन सुरू करण्याआधी सगळी नळी जमिनीवर पसरतात आणि कुठे फुगवटा, कुठे चीर दिसते का ते उकिडवं बसून बघत जातात. जेवायला उठताना मशीन बंद, दाबाची चावी खाली, गन बादलीत धरून उरलासुरला दाब मोकळा, मग ट्रिगरला लॉक. एवढं करूनही गनकडे पाठ करून बसत नाहीत.

"दाजी, ती काही चावत नाही," बारक्या म्हणतो.

"चावली असती तर बरं होतं. ती भोसकते."

यात अतिशयोक्ती नाही. या मशीनमध्ये हवा नसते, पंप रंगालाच दाबतो. गाडीच्या टायरात असतो त्याच्या ऐंशी पट दाब घेऊन तो रंग अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक भोकातून बाहेर पडतो. भिंतीपासून हातभर लांब धरलं तर मऊ धुकं. पण गनच्या टिपला, जिथे ते भोक असतं तिथे, बोट चिकटलं, तर कातडी म्हणजे त्याच्यापुढे ओला कागद.

दाजींना हे मशीन ज्याने शिकवलं तो मिस्त्री असाच गेला होता. गेला म्हणजे जिवानिशी नाही. त्याच्या करंगळीत रंग घुसला, वर दिसायला नुसता एक ठिपका. दुखत नाही म्हणून त्याने हात धुतला, जेवला, घरी जाऊन झोपला. दुसऱ्या दिवशी बोट जांभळं, तिसऱ्या दिवशी काळं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही काढावी लागली. त्यानंतर तो एका दुकानाबाहेर रखवालदार म्हणून बसायचा आणि ओळखीचं कुणी दिसलं की हात खिशात घालायचा. दाजींनी ही हकिगत बारक्याला इतक्यांदा ऐकवली होती की तो ती त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवायचा.

खोलीचं अर्धं छत झालं होतं. दाजी एक पट्टा संपवून शिडीवरून उतरत होते. टिपच्या तोंडाशी रंगाचा एक थेंब लोंबत होता. तो तसाच राहिला तर पुढच्या पट्ट्यावर थुंकल्यासारखा उडतो.

मशीन हातात येण्याआधी दाजींनी वीस वर्षं ब्रश चालवला होता. ब्रशवाल्या रंगाऱ्याला एक सवय जडलेली असते. ब्रशच्या टोकाशी सुटा केस दिसला, थेंब दिसला की तर्जनी आपोआप पुढे होते आणि तो निपटून घेते. ते करायला डोकं लागत नाही. टिपच्या पुढे प्लास्टिकचा गार्ड असतो खरा, पण त्याच्या दोन पंखांमधून बोट सहज जातं. दाजींच्या डाव्या हाताची तर्जनी पुढे झाली, थेंब निपटायला. त्याच क्षणी पाय फरशीवर टेकला, अंगाला बारीकसा हिसका बसला आणि ट्रिगरवरची उजवी बोटं आवळली गेली.

फुस्स, एवढाच आवाज झाला. दुखलं नाही. कुणीतरी बोटावर टिचकी मारावी तसं वाटलं.

दाजींनी लॉक लावला, गन खाली ठेवली आणि खिडकीकडे तोंड करून हातमोजा काढला. तर्जनीच्या पेरावर एक भोक होतं, सुईच्या टोकाएवढं. रक्त नव्हतं. त्यांनी बोट दाबलं, तर भोकातून पांढरा थेंब वर आला.

छातीत एवढं धडधडायला लागलं की ते मशीनच्या आवाजात लपतंय याचं त्यांना बरं वाटलं. काय करायचं ते त्यांना सोळा आणे ठाऊक होतं. आत्ता, या मिनिटाला, सगळं टाकून दवाखाना. पण दवाखान्यात गेलं की कुणीतरी ते वाक्य उच्चारणार होतं, जे मिस्त्रीला ऐकावं लागलं होतं. इथे खिडकीशी उभं राहिलं तर निदान ते अजून कुणी उच्चारलेलं नव्हतं. त्यांनी हातमोजा परत चढवला.

"काय झालं?" बारक्याने दाराकडून विचारलं.

"काही नाही. टिप अडकतेय."

ते पुन्हा शिडीवर चढले. मिस्त्रीचा रंग ऑइलचा होता, आपला पाण्यातला आहे, असं त्यांनी स्वतःला समजावलं. त्याचं सगळं प्रेशर आत गेलं असेल, आपलं नुसतं चाटून गेलं, असंही समजावलं. थांबत, रेंगाळत आणखी दोन पट्टे मारले. तिसऱ्या पट्ट्याला बोटाला नळीचा स्पर्शच कळेना. दहाच्या सुमाराला ते खाली उतरले आणि म्हणाले, "मशीन धुवून घेऊ."

"आत्ता? अर्धं छत राहिलंय की!"

"फिल्टरमध्ये कचरा आलाय. पाणी आण."

बारक्या पाणी घेऊन आला. दाजींनी दाब सोडला, पंपाची शोषनळी रंगाच्या डब्यातून काढून पाण्यात टाकली, गन रिकाम्या बादलीत धरून मशीन सुरू केलं. आधी घट्ट पांढरं आलं, मग दुधासारखं, मग ताकाच्या पाण्यासारखं. पाणी अगदी नितळ झालं तरी ते थांबेनात. दुसरी बादली मागवली. मग मशीन थांबवून गनच्या मुठीतला फिल्टर काढला, जुन्या टूथब्रशने घासला, उजेडासमोर धरून जाळीचं एकेक घर बघितलं, पुन्हा घासला. टिप पाण्यात बुडवली. पंपाच्या दांड्याला तेलाचे थेंब दिले. जितका वेळ मशीनचं काही करायचं बाकी होतं तितका वेळ दुसरं काही करायचं नव्हतं.

"आज मशीनचा वाढदिवस आहे का हो?" बारक्या म्हणाला. "आंघोळ काय, तेल काय. लग्नात मलासुद्धा एवढी हळद लागली नव्हती."

दाजी हसले नाहीत. फिल्टरचं झाकण आवळताना त्यांनी गन गुडघ्यांत धरली होती आणि उजव्या हाताने पाना फिरवत होते. डावा हात काखेत होता.

बारक्या उठला.

"हात दाखवा."

"खरचटलंय जरा."

"मग दाखवायला काय होतंय?"

"बारक्या, कामाचं बघ. उगाच माझ्या मागे लागू नको."

बारक्याने त्यांचं मनगट धरलं आणि हातमोजा ओढला. तर्जनी मुळापासून टरारली होती, रंग मेणासारखा फिकट. बारक्याने आपलं बोट तिला लावलं. गार होती. पेरावरचा ठिपका त्याने बघितला आणि एवढा बडबड्या माणूस गप्प झाला. इतक्या वर्षांत दाजींनी त्याला असं गप्प झालेलं पाहिलं नव्हतं. तेव्हा त्यांची पाचावर धारण बसली.

"कधी?" बारक्याने विचारलं.

"मघाशी."

"मघाशी म्हणजे कधी, दाजी?"

दाजींनी पाना खाली ठेवला. बारक्याने मशीनचा प्लग काढला आणि रंगाचा डबा उचलला, डॉक्टर आत काय गेलंय ते विचारतील म्हणून. हेही दाजींनीच त्याला शिकवलं होतं.

वाटेत फोन वाजला. दाजींची बायको. "अहो, येताना..." एवढं बोलून ती थांबली. "तुमचा आवाज असा का येतोय?"

"रस्त्यावर आहे."

"या वेळेला रस्त्यावर कशाला?"

स्कूटर चालवता चालवता बारक्या मागे ओरडला, "ताई, मोठ्या दवाखान्यात ये! पैसे नकोत, तू ये फक्त!"

दवाखान्यात नाव नोंदवायच्या खिडकीमागच्या बाईंनी काय झालंय ते विचारलं. दाजी म्हणाले, "टोचलंय थोडं. बाकीच्यांचं होऊ द्या, मला घाई नाही." त्यांना खरंच घाई नव्हती. पुढची पाच-सहा माणसं त्यांना देवासारखी वाटत होती. बारक्याने डबा खिडकीवर आपटला. "यांना घाई नाही, मला आहे. बोटात प्रेशरने रंग गेलाय. हा रंग." बाईंनी बोटाकडे एकदा बघितलं आणि उठून आत गेल्या.

डॉक्टर लगेच आले, वयाने पस्तिशीचे, बोलायला तुटक. डब्यावरचं वाचलं, बोटाचं प्रत्येक पेर दाबलं, तळव्यापर्यंत आले. तिथे दाबल्यावर पहिल्यांदा दाजी कळवळले.

"किती वेळ झाला?"

"अर्धा तास," दाजी म्हणाले.

बारक्याने त्यांच्याकडे बघितलं. खरं सांगावं तर दाजी खोटे ठरले असते, आणि त्याला नेमकी वेळ माहीतही नव्हती.

"अर्धा तास नक्की?" डॉक्टरांनी बोट अजून सोडलं नव्हतं. "मी काय आणि कधी करायचं ते यावर ठरणार आहे."

भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा वाजले होते. दाजींनी तिकडे बघितलं.

"नऊ दहाला झालं," ते म्हणाले. "मला माहीत होतं काय ते. मी मशीन धूत बसलो."

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी मागे वळून नर्सला सांगितलं की दुपारच्या दोन्ही शस्त्रक्रिया पुढे ढकला, यांना आधी आत घ्या. रंग पाण्यातला आहे ही जमेची बाजू, अडीच तास गेले ही तोट्याची, ते दाजींना म्हणाले. बोट टोकापासून तळव्यापर्यंत उभं उघडावं लागेल, आतला रंग धुवून काढावा लागेल.

"राहील का?" दाजींनी विचारलं.

"उघडल्यावर सांगतो."

फक्त हात बधिर केला होता. मध्ये हिरवा पडदा. दाजींना काही दिसत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. पाणी सोडल्याचा आवाज, ओढून घेतल्याचा आवाज, पुन्हा पाणी. "अजून आहे," डॉक्टर म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा, "शिरेच्या बाजूने वर चढलाय." दाजींनी डोळे मिटले, मग अंधारात आवाज मोठे झाले म्हणून उघडले. उजवा हात एका नर्सने धरला होता.

चार वाजता त्यांना खाटेवर आणलं तेव्हा बायको बाकावर बसली होती. तिने आधी पट्टीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"एवढं भ्यायचं असतं का माणसाने," ती म्हणाली, "की भीतीपायी घरी सांगूसुद्धा नये?"

"मला वाटलं..."

"काय वाटलं?"

तिने खुर्ची ओढली आणि त्यांच्या उजव्या बाजूला बसली.

संध्याकाळी डॉक्टर फेरीला आले. बोट आज ठेवलंय, ते म्हणाले. जखम शिवलेली नाही, मुद्दाम उघडी ठेवलीय. टोकाकडे रक्त पोहोचतंय, पण जोर कमी आहे. रंगाने आत किती जाळलंय ते एका दिवसात कळत नाही. दाजींनी विचारलं, कळणार कधी. डॉक्टरांनी खाटेच्या पायाशी अडकवलेल्या पाटीवर खडूने लिहिलं आणि ते गेले.

दाजींना चष्म्याशिवाय वाचता येईना. बायकोने वाचून दाखवलं. मध्यरात्रीनंतर खाणं-पिणं बंद. सकाळी साडेसातला पट्टी उघडणार, आठ वाजता पुन्हा शस्त्रक्रियेला आत घेणार.